मदत हवी आहे: फिलिपिनो बारोंग तलवारीच्या म्यानाची वेताची बांधणी सुटलीय

नमस्कार मंडळी, मी मूळचा नाशिकचा, सध्या फिलिपिन्सला दावाओमध्ये मेडिकल करतोय. इथे आल्यापासून इकडच्या पारंपरिक सुऱ्या-कोयत्यांचा नाद लागलाय. पहिला घेतला साधा बोलो, म्हणजे आपला कोयताच म्हणा, लोहाराने गाडीच्या स्प्रिंगपाट्यापासून घडवलेला. मग बटांगासमधल्या ताल गावची बालिसाँग, ती दोन मुठींत घडी होणारी सुरी, आणि पनाय बेटाकडचा एक गिनुंतिंग, तोही तिकडच्या तलवारीचाच प्रकार.

आता अडलंय ते बारोंगपाशी. हे दक्षिण फिलिपिन्समधल्या सुलू बेटांकडच्या ताउसुग लोकांचं हत्यार, पातं पानासारखं मधे फुगलेलं, एकाच बाजूला धार, पाठ चांगली जाड आणि मुठीचं टोक काकाकुव्याच्या डोक्यासारखं. माझ्या बारोंगचं पातं १६ इंच आहे, मुठीखाली चांदीची पट्टी आहे. पातं ठणठणीत आहे, चिंता म्यानाची आहे. दोन लाकडी फळ्या आतून कोरून एकमेकींवर बसवल्यात आणि वरून वेताच्या बारीक पट्ट्यांनी आवळल्यात. तीनपैकी दोन बांधण्या तुटल्यात, त्यामुळे फळ्या धारेच्या बाजूने फाकतात आणि मला भीती याची वाटते की उपसताना कुणी म्यान मुठीत आवळून धरलं तर धार फटीतून थेट बोटांवर येईल. मी स्वतः पाठीच्या बाजूनेच धरतो पण घरी आलेला माणूस बघायला उचलतोच ना.

इथल्या एका सुताराने सरळ गोंद लावून चिकटवून देतो म्हटलं, मी नको म्हटलं. एकदा चिकटवलं की आत अडकलेली ओल आणि गंजाची भुकटी साफ करायला म्यान पुन्हा उघडता येणार नाही, आणि इथली हवा इतकी दमट की दोन आठवडे म्यानात ठेवलं तर पात्यावर तांबूस ठिपके येतात. म्हणून सध्या पातं तेल लावून वेगळं ठेवलंय, म्यान सुती दोऱ्याने सैलसर बांधलंय.

तर आपल्याकडे जुन्या तलवारींची लाकडी म्यानं दुरुस्त करणारं किंवा वेतकाम करणारं कुणी असेल तर सांगा, वेत किती वेळ भिजवायचा, वाळताना तो आवळतो तेव्हा जुनं लाकूड चिरतं का? उरलेली एक जुनी बांधणी तशीच ठेवून बाकीच्या नव्या केल्या तर चालेल का, मला ती काढवत नाहीये, ज्याने विणली त्याच्या हाताचं काम आहे ते.

आणि दुसरं, पुढच्या वर्षी नाशिकला परत यायचंय. आपल्या शस्त्र कायद्यात ९ इंचांपेक्षा लांब पात्याचा मुद्दा येतो, शेती-घरकामाच्या हत्याराला सूट आहे पण बारोंगला शेतीचं हत्यार कोण म्हणेल? कुणी असं काही रीतसर आणलं असेल तर आधी कुठे अर्ज केला ते प्लीज लिहा. तिकडच्या कोरड्या उन्हाळ्यात म्यान आकसून पातं आत अडकेल का, हेही सांगा. म्यानाचे फोटो उद्या उजेडात काढून टाकतो.