रात्रभर पाऊस पडला की सकाळी बाइक सुरू होत नाही, प्लग-बॅटरी बदलूनही तेच

घोडबंदरवाला
१२५ सीसी, २०१६ ची, कार्ब्युरेटरवाली. कासारवडवलीला उघड्या पार्किंगमध्ये उभी असते. रात्री पाऊस झाला की सकाळी सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. चोक ओढून पंधरा-वीस किका मारल्या की एकदा फटफटते आणि बंद. पाऊस उघडला की दुपारी पहिल्या किकला सुरू. प्लग आणि बॅटरी नवीन, एअर फिल्टर साफ. मेकॅनिक आता सीडीआय (ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदला म्हणतोय. बदलू का?

टॅपेट_ठाणे
सीडीआयला आत्ता हात लावू नका. त्याचं युनिट आतून सीलबंद असतं, ओलाव्याने त्रास झालाच तर त्याच्या कनेक्टरला होतो. तो उपसून कोरडा करून बघा, फुकटचं काम आहे. बाकी सगळं सकाळी, गाडी सुरू होत नसतानाच तपासा. दुपारी काहीही सापडणार नाही.

दहा किका मारून प्लग काढा. टोक पेट्रोलने ओलं असेल तर पेट्रोल पोचतंय आणि ठिणगी कमी पडतेय. कोरडं असेल तर पेट्रोलच येत नाही. ओला निघाला तर पुसून परत बसवा. मग तुमचा जुना प्लग वायरच्या टोकाच्या कॅपमध्ये (प्लगवर बसते ती) घालून त्याचा धातूचा भाग इंजिनच्या बिनरंगाच्या जागी घट्ट टेकवा आणि किक मारा. नवा प्लग जागेवरच ठेवायचा, म्हणजे भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येऊन भडका उडणार नाही. ठिणगी निळी आणि टक्क आवाजाची हवी.

पिवळट किंवा मधूनच येत असेल तर कॅप घड्याळाच्या उलट फिरवून वायरवरून काढा. आतलं तांबं हिरवं पडलं असेल तर वायर ५ मिमी कापा, लालसर तांबं दिसलं की कॅप पुन्हा फिरवून बसवा. कॅपचा रेझिस्टन्स साधारण ५ हजार ओम येतो. मल्टिमीटर नुसता ‘१’ दाखवत असेल तर कॅप आत तुटलीय. खाडीच्या दमट हवेत हे फार होतं.

ऐरोलीकर
ठिणगी चांगली निघाली तर पेट्रोलमधलं पाणी बघा. पेट्रोलचा कॉक बंद करा, फ्लोट बाउलच्या (कार्ब्युरेटरखालची पेट्रोलची वाटी) तळाचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि निघेल ते काचेच्या बाटलीत घेऊन दहा मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी आहे. टाकीच्या झाकणाभोवतीच्या खळग्यात एक बारीक भोक असतं, त्यातून पाणी नळीवाटे खाली जातं. तिथे चिखल बसला की पाणी झाकणाच्या रबरापाशी साचून आत उतरतं. पातळ तारेने ते मोकळं करा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते थोडं पाणी पोटात घेतं, जास्त झालं की दोन्ही मिळून तळाला बसतात आणि कार्ब्युरेटरला आधी तेच मिळतं.

पण दुपारी पहिल्या किकला सुरू होते म्हणताय, म्हणून माझाही पहिला संशय कॅपवरच आहे. पाणी दुपारपर्यंत आपोआप जात नाही.

घोडबंदरवाला
प्लग ओला निघाला, ठिणगी पिवळी. बाटलीत थर नाही. कॅपवर मीटर ‘१’ दाखवतोय, तांबं हिरवं होतं. ५ मिमी कापून नवी कॅप बसवली. सुरू झाली, पण अजून चार-पाच किका लागतात.

टॅपेट_ठाणे
आता अंधारात इंजिन चालू ठेवून बाटलीने प्लगच्या वायरवर आणि ती जिथून निघते त्या कॉइलच्या टोकाशी पाण्याचा बारीक फवारा मारा. हात लांब ठेवा, झटका जोरदार बसतो. निळी रेघ फ्रेमवर उडी मारताना दिसली तर तिथे इन्सुलेशन फाटलंय. वायर कॉइलमध्येच कायमची बसवलेली असेल तर पूर्ण कॉइल बदलावी लागते. काहीच दिसलं नाही तर कॅपच्या दोन्ही टोकांच्या रबराला डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस लावा, चेसिसचं साधं ग्रीस नको.

त्यानंतर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या आर्ममधली फट (गॅप) तपासा. इंजिन रात्रभर थंड झालेलं, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकावर, गॅप मॅन्युअलप्रमाणे. या वर्गात बहुधा ०.०५ ते ०.१० मिमी. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) किंचित घासत सरकायला हवं. गॅप कमी असेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं, मग ठिणगी कितीही चांगली असली तरी किका वाढतात.