मदत हवी आहे: इम्पाला, ३०० की फ्यूजन? शनिवारपर्यंत ठरवायचं आहे

ओंकार_मिशिगन
तीन गाड्या बघून ठेवल्या आहेत. शेवर्ले इम्पाला, क्रायस्लर ३०० आणि फोर्ड फ्यूजन. तिन्ही वापरलेल्या, किंमत जवळपास सारखी. यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून डोकं फिरलंय, प्रत्येक जण वेगळंच सांगतो. ज्यांनी चालवल्या आहेत त्यांनी एका ओळीत सांगा, कुठली घेऊ? शनिवारी एक फायनल करायची आहे.
टोयोटा कॅमरी-होंडा अकॉर्ड सुचवू नका, प्लीज.

सदाफुली
वर्ष? मायलेज? इंजिन कुठलं? घरात माणसं किती? रोजचं जाणं-येणं किती? एवढं सांगा, मग एका ओळीत सांगू.

केंटकीकाका
कॅमरी. शेवटची ओळ वाचूनही सांगतोय. आमच्या शेजारी जॉर्जटाऊनला १९८८ पासून बनते. अकॉर्ड तर त्याच्याही आधी, १९८२ साली, ओहायोत मेरिसव्हिलला बनायला लागली. तुमची फ्यूजन बनायची मेक्सिकोत आणि ३०० कॅनडात, ब्रॅम्प्टनला. आता 'अमेरिकन' सेडान कुठली ते तुम्हीच ठरवा.

ओंकार_मिशिगन
काका, कारण आहे म्हणून नको म्हटलं. आमच्या ऑफिसच्या आवारात परदेशी ब्रँडच्या गाड्यांना लांबच्या लॉटमध्ये लावावं लागतं. जानेवारीत तिथून चालत येऊन बघा, मग बोलू. गाडी कुठे बनली हे तो गेटवरचा माणूस विचारत नाही, नाव बघतो.
मायलेज साठ ते ऐंशी हजारांच्या मधे. घरात आम्ही दोघं, मुलगा सहा वर्षांचा.

सदाफुली
हे आधी नाही का सांगायचं! मग ज्या कंपनीचं आवार आहे तिचीच घ्या, विषय संपला.

ओंकार_मिशिगन
आम्ही सप्लायर आहोत. तिघांनाही माल देतो. त्या तिघांपैकी कुठलीही चालते.

बोनेट_उघडा
एका ओळीत उत्तर नाही, कारण तुम्ही अजून एकाही गाडीचं इंजिन सांगितलेलं नाही. अमेरिकन सेडान घेताना डिकीवरचं नाव सगळ्यात शेवटी बघायचं. आधी इंजिन, मग गिअरबॉक्स, मग गंज, मग नाव.

फ्यूजनचंच घ्या. २.५ लिटरचं बिनटर्बोचं इंजिन असलेली फ्यूजन ही एकदम सरळमार्गी गाडी. पळत नाही, पण त्रासही देत नाही. १.५ लिटर इकोबूस्टवाली, म्हणजे फोर्डची टर्बोवाली, वेगळी. २०१७ ते २०१९ च्या त्या इंजिनात दोन सिलिंडरांच्या मधे कूलंट जायला ब्लॉकच्या माथ्यावर खाचा आहेत, तिथून कूलंट सिलिंडरमध्ये शिरतं. फोर्डने डीलरांना दुरुस्तीची पत्रकं पाठवली, त्यातला उपाय काय, तर अख्खा ब्लॉक बदला. त्याच काळातल्या २.० टर्बोलाही हीच व्याधी. हायब्रिड तिसरीच तऱ्हा, आणि ३२५ अश्वशक्तीची २.७ व्ही-६ 'स्पोर्ट' चौथी. चारही गाड्यांवर नाव मात्र फ्यूजन.

तर इंजिन सांगा. माहीत नसेल तर व्हिन नंबरचं, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाचं, डावीकडून आठवं अक्षर बघा, या तिन्ही कंपन्या तिथे इंजिनाचा कोड टाकतात.

ओंकार_मिशिगन
फ्यूजन २०१७, १.५ इकोबूस्ट. ३०० आहे २०१४ची, व्ही-६, ऑल व्हील ड्राइव्ह. इम्पाला २०१६ची 'लिमिटेड', म्हणजे टॉप मॉडेल, आणि तरी त्याच किमतीत मिळतेय. म्हणून माझं मन तिकडे ओढतंय. आता सांगा.

बोनेट_उघडा
थांबा, सही करू नका.

२०१६ची इम्पाला लिमिटेड हे टॉप मॉडेल नाही. ती मागच्या पिढीची गाडी आहे. २०१४ साली इम्पाला पूर्ण नवीन आली, ब्यूक लाक्रॉसच्या प्लॅटफॉर्मवर. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकांच्या मासिकाने जिला १०० पैकी ९५ गुण देऊन सेडानमध्ये पहिली ठरवली ती ही नवीन. तोपर्यंत निदान वीस वर्षं त्या यादीत कुठलीही अमेरिकन सेडान पहिली आली नव्हती. पण कंपनीने जुनी बॉडीही चालू ठेवली, फक्त भाड्याच्या आणि सरकारी ताफ्यांसाठी, २०१६ पर्यंत. तिलाच नाव दिलं 'इम्पाला लिमिटेड'. नव्या इम्पालाचं टॉप मॉडेल त्या वर्षी एलटीझेड होतं, नंतर त्याचं प्रीमियर झालं.

म्हणजे तुम्ही व्हिडिओ बघताय एका गाडीचे आणि घ्यायला निघालात दुसरीच.

वाईट आहे का? नाही. ३.६ लिटरचं व्ही-६, तीनशेच्या आसपास अश्वशक्ती, सहा गिअरची ऑटोमॅटिक. इंजिन तर नव्या इम्पालाच्या व्ही-६शी नातं असलेलं. पण बाकी सगळं २००६ सालचं आहे. सीट, डॅशबोर्ड, सस्पेन्शन, सगळं. किंमत त्या हिशेबाने बरीच खाली यायला हवी.

ओंकार_मिशिगन
डीलरचा माणूस मला 'लिमिटेड एडिशन' म्हणाला होता.

वरणभात
तो खोटं बोलला नाही हो. एडिशन होती, लिमिटेड होती. दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

मिनेसोटाची_मीरा
मिशिगनमध्ये असाल तर एवढा काथ्याकूट कशाला, ३०० घ्या. ऑल व्हील ड्राइव्ह आहे ना. बर्फात दुसरं काही कामाचं नाही. आमच्याकडे सगळे तेच घेतात.

बोनेट_उघडा
मीराताई, ऑल व्हील ड्राइव्ह गाडी सुटायला मदत करते, थांबायला नाही. सिग्नलला घसरत जाणाऱ्या गाडीची चारही चाकं फिरतात की दोन, याने काय फरक पडतो? पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला चांगले विंटर टायर घाला, ती ऑल सीझनवरच्या ऑल व्हील ड्राइव्हला ब्रेकिंगमध्ये मागे टाकते.

मिनेसोटाची_मीरा
आमचा ड्राइव्हवे चढाचा आहे. तुमचे विंटर टायर घालून जानेवारीत चढून दाखवा, मग शिकवा. आणि दर वर्षी दोन वेळा टायर बदलायचे, ते ठेवायला गराजमध्ये जागा करायची, हे कोण करणार? पुस्तकातलं ज्ञान वेगळं.

सदाफुली
दोघंही बरोबर आहात, आता ओंकारचा ड्राइव्हवे चढाचा आहे का ते विचारा.

ओंकार_मिशिगन
अपार्टमेंट आहे, सपाट पार्किंग. टायर ठेवायला जागा नाही.
अजून एक, मार्चमध्ये आई-बाबा येताहेत सहा महिन्यांसाठी. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

सदाफुली
हे सांगायला एवढे प्रतिसाद लागले तुम्हाला!! गुडघ्याचं ऑपरेशन ही पहिली ओळ असायला हवी होती. मग फ्यूजन आत्ताच कटाप. मागचं छत उतरतं आहे, मान वाकवून खाली बसावं लागतं.

टोरंटोचा_टिळा
बाबा तिकडे गाडी चालवणार असतील तर निघण्याआधी भारतातल्या आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून ठेवायला सांगा. मूळ लायसन्स, पासपोर्ट, व्हिसाची प्रत लागते. एक वर्ष चालतं. फार सोपं आहे.

ओंकार_मिशिगन
बाबा गाडी चालवणार नाहीत. मी विचारलं पण नव्हतं.

पुणेरी_गिअर
शेवर्ले हा शब्द वाचला की मला तळेगावच आठवतं. २००८ साली प्लांट सुरू झाला तेव्हा आमच्या बॅचमधली निम्मी पोरं तिथे लागली होती. २०१७ च्या शेवटी भारतातली विक्री बंद, तरी गाड्या बनतच होत्या, शेवर्ले बीट बोटीत बसून मेक्सिकोला जायची. २०२० च्या डिसेंबरात तेही थांबलं. आता तीच जागा ह्युंदाईकडे. आणि गंमत बघा, शेवर्लेची मालक जनरल मोटर्स पहिल्यांदा आली तीही आपल्याकडेच, १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायची.
अवांतराबद्दल क्षमस्व.

केंटकीकाका
अवांतर कसलं, छान लिहिलंत. माझ्या वडिलांच्या साहेबांकडे इम्पाला होती, साठच्या दशकातली. दादरच्या गल्लीत वळताना पोरं रस्ता मोकळा करून द्यायची. ती खरी इम्पाला.

पुणेरी_गिअर
काका, त्यावर वेगळा धागा काढा! फोटो असतील तर टाका.

वरणभात
प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (काकांच्या वयावर विनोद होता, बायकोने पुसायला लावला.)

बोनेट_उघडा
गाडीकडे वळू या. ३०० राहिली.

चालवायला विचाराल तर या तिघींत फ्यूजन सगळ्यात गोड. युरोपात तीच गाडी मोंडिओ म्हणून विकली जायची, वळणावर ते लगेच कळतं. हायवेवर तासन् तास बसायला मात्र ३००. क्रायस्लरचा मर्सिडीजवाल्या डेम्लरशी संसार होता त्या काळातली मूळ रचना आहे, मागचं सस्पेन्शन मर्सिडीजच्या ई-क्लासवरून आलेलं. म्हणून लोक 'स्वस्तातली मर्सिडीज' म्हणतात. तसं काही नाही. २०१४च्या गाडीत तुम्हाला खरं सुख देणारी गोष्ट म्हणजे झेडएफ या जर्मन कंपनीच्या डिझाइनचा आठ गिअरचा गिअरबॉक्स. ३.६ पेंटास्टार व्ही-६ बरोबर तो फार छान जमतो. जुन्या पाच गिअरवाल्या ३००ला मी हात लावणार नाही.

बघायचं काय ते सांगतो.

२०१२ ते २०१४च्या ३००मध्ये गिअरचा दांडा दर वेळी मधेच परत येतो, त्यामुळे गाडी पार्कमध्ये आहे की नाही हे हाताला कळत नाही. लोक न्यूट्रलमध्ये ठेवून उतरले, गाड्या गडगडल्या. २०१६ साली अकरा लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या, त्यात ही होती. ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगचा रिकॉलही या गाड्यांना लागू आहे. एनएचटीएसए या अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा खात्याच्या साइटवर व्हिन टाका, काम झालंय की बाकी आहे ते फुकट दिसतं. बाकी असेल तर डीलरला आधी करून द्यायला लावा.

इंजिनाच्या माथ्यावर दोन्ही हेडच्या मधल्या दरीत ऑइल फिल्टरचं प्लॅस्टिकचं घर आहे, ते तडकून गळतं. तेल त्या दरीत साठतं, खाली थेंब पडायला वेळ लागतो, म्हणून जमीन कोरडी आहे यावर जाऊ नका, टॉर्च मारून बघा. आणि गाडी थंड असताना स्वतः सुरू करा. टिकटिक येत असेल तर इंजिनातले रॉकर आर्म्स झिजलेत समजा. गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर परत दुसऱ्या दिवशी जा.

बाबांसाठी: मागचे दार मोठे आहे, पाय ठेवायला जागा भरपूर. फक्त पुढच्या सीटवर बसवणार की मागे, ते ठरवा.

कॅलिफोर्निया_कोल्हापूर
फोर्ड टॉरस कुणी कसं सुचवलं नाही? डिकी २० घनफूट. आई-बाबांच्या चारही बॅगा झोपून जातील. व्ही-६ आहे, गाडी रणगाड्यासारखी आहे.

बोनेट_उघडा
बाहेरून रणगाडा, आतून जागा कुठे गेली कळत नाही. आणि त्या आडव्या बसवलेल्या ३.५ व्ही-६चा वॉटर पंप इंजिनाच्या आत, टायमिंग चेनवर चालतो. गळला तर कूलंट थेट तेलात. पंपाची किंमत किरकोळ, मजुरी बघून घाम फुटतो. मायलेज वाढलेल्या टॉरसमध्ये तो बदललाय याचं बिल असेल तरच घ्या.

कॅलिफोर्निया_कोल्हापूर
प्रत्येक गाडीत खोटच काढायची तर रिक्षा घ्यावी माणसानं. तुम्हाला स्वतःला कुठली आवडते ते सांगा की एकदा.

बोनेट_उघडा
विचारलंत म्हणून. शेवर्ले एसएस. २०१४ ते २०१७, ६.२ लिटर व्ही-८, ४१५ अश्वशक्ती, पुढे सहा गिअरची मॅन्युअलही मिळायची. दिसायला अगदी सरकारी बाबू. आणि केंटकीकाका, ती ऑस्ट्रेलियात बनायची, तुम्ही सांगण्याआधी मीच सांगतो. आजच्या तारखेला नवीन हवी असेल तर कॅडिलॅक सीटी५-व्ही ब्लॅकविंग, ६६८ अश्वशक्ती आणि अजूनही क्लच. दोन्ही ओंकारच्या कामाच्या नाहीत.

ओंकारने माझं ऐकायचं तर क्रम असा. नवीन बॉडीची इम्पाला, व्ही-६, २०१७च्या पुढची मिळाली तर ती. डिकी १८.८ घनफूट, आवाज नाही, बाबांना बसायला सोपी. ती शेवटची फेब्रुवारी २०२० मध्ये बनली, त्यामुळे बाजारात अजून आहेत. तशी नाही मिळाली तर हीच ३००, वरच्या सगळ्या तपासण्या पार झाल्या तर. तुमची १.५ फ्यूजन नाही. लिमिटेड इम्पाला फक्त किंमत खूप उतरली तर.

मिनेसोटाची_मीरा
म्हणजे शेवटी ३००च की.

बोनेट_उघडा
पहिलं नाव वाचा ताई.

ओंकार_मिशिगन
नवीन बॉडीची इम्पाला शोधली. एक २०१८ची एलटी आहे फ्लिंटजवळ, पण जाहिरातीत इंजिन लिहिलेलं नाही. एलटी म्हणजे व्ही-६ ना?

बोनेट_उघडा
एलटीमध्ये दोन्ही मिळायची, २.५ चार सिलिंडर आणि ३.६ व्ही-६. व्हिन मागवा. चार सिलिंडरची असेल तरी पाहायला हरकत नाही, फक्त एवढी मोठी गाडी ओढताना ते इंजिन दमतं. आणि गाडी तिथलीच असेल तर रस्त्यावरच्या मिठाने खालून खाल्लेली असणार, लिफ्टवर चढवल्याशिवाय पैसे देऊ नका. दारांखालची पट्टी, सबफ्रेम, ब्रेकच्या नळ्या. डीलरचा नव्हे, बाहेरचा मेकॅनिक.

ओंकार_मिशिगन
ओके. उद्या फोन करतो. शनिवारी आधी फ्लिंट, मग ३००. लिफ्टसाठी ट्रॉयमध्ये कुणी ओळखीचा मेकॅनिक असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सदाफुली
व्यनि केला. शनिवारी दुपारी एकला बंद करतो तो, आधी त्याची वेळ घ्या.

नवा_भिडू
नमस्कार, माझ्याकडे शेवर्ले मालिबू आहे २०१९ची, सीव्हीटीवाली (ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक). तिचं गिअरबॉक्सचं तेल बदलू का? डीलर म्हणतो गरज नाही.

बोनेट_उघडा
सीव्हीटी म्हणजे १.५ टर्बो. मायलेज लिहा आणि नवीन धागा काढा, इथे हरवून जाईल.