सिरामाइडची रक्तचाचणी: करून घ्यावी की नाही?

वाटसरू
मोठा भाऊ अमेरिकेत, मिनेसोटात असतो. वय ४८, एलडीएल (म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) ९६, साखर काठावर. आमचे वडील ५२ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी त्याची सिरामाइडची चाचणी केली. ० ते १२ च्या मापात ८ आले, म्हणजे धोका वाढलेला. कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टात यातलं काही दिसत नव्हतं.

सिरामाइड म्हणजे पेशीच्या आवरणातला एक स्निग्ध पदार्थ. स्फिंगोसीन नावाच्या रेणूला मेदाम्ल (फॅटी ॲसिड) जोडलं की तो तयार होतो, आणि मेदाम्लातल्या कार्बनच्या साखळीची लांबी बदलली की गुणही बदलतात. १६ आणि १८ कार्बनवाले वाढले तर वाईट. २४ कार्बनवाला साधा प्रकार मात्र निरुपद्रवी, म्हणून बाकीच्यांचं त्याच्याशी प्रमाण बघतात. २०१६ साली फिनलंड, नॉर्वे आणि स्वित्झर्लंडमधल्या हृदयरुग्णांवरचा अभ्यास आला. पुढे हृदयविकाराने कोण दगावेल याचा अंदाज या प्रमाणांवरून एलडीएलच्या पलीकडे जाऊन बांधता आला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाने ही चाचणी सुरू केली.

माझं ठाम मत आहे की घरातलं कोणी असं अवेळी गेलं असेल तर ही चाचणी करायलाच हवी.

आणखी एक. हे सगळं ऐकून बायकोने मुलीच्या एक्झिमाचं सिरामाइडवालं क्रीम बंद केलंय. बरोबर केलं का?

आंबेमोहर
आधी क्रीमचं. आजच्या आज परत सुरू करा, वहिनींना माझा निरोप सांगा. त्वचेच्या अगदी वरच्या थरातल्या स्निग्ध पदार्थांत वजनाने निम्म्याच्या आसपास सिरामाइडच असतं. तिथल्या मेलेल्या पेशी विटा धरल्या तर हा त्यांना धरून ठेवणारा चुना. एक्झिमात तो कमी पडतो, पाणी उडून जातं, आणि कोपराला, गुडघ्यामागे भेगा पडतात. क्रीममधलं सिरामाइड त्या थरातच काम करतं. रक्तात मोजतात ते मुख्यतः यकृतातून येतं. एकाला घाबरून दुसरं थांबवू नका. महाग वाटत असेल तर साधी पेट्रोलियम जेली लावा, पण लावण्यात खंड नको. आणि कडक साबण टाळा: सिरामाइड घडवणारी त्वचेतली विकरं (एन्झाइम) किंचित आम्लात चालतात, साबण ते आम्लच घालवतो.

चाचणीला मात्र माझा विरोध आहे. आठ आकडा आल्यावर भावाच्या उपचारात काय बदललं? स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी), चालणं, वजन, साखर. वडील ५२ ला गेले एवढ्यावरच हे सगळं सुरू व्हायला हवं होतं. रक्तातलं होमोसिस्टीन नावाचं अमिनो आम्ल आठवा. ते जास्त असलेल्यांना हृदयविकार जास्त, हे खरं होतं. ब जीवनसत्त्वं देऊन ते खाली आणलं. २००६ मध्ये मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, तर अटॅक काही कमी झाले नव्हते. सिरामाइडही तसंच नुसतं साक्षीदार असेल, गुन्हेगार नाही.

सह्यकडा
होमोसिस्टीनची तुलना मला पटत नाही. सिरामाइड नेमकं काय बिघडवतं हे पेशीत दिसलेलं आहे. इन्सुलिनचा निरोप पेशीत पुढे नेणारं एकेटी नावाचं प्रथिन ते थोपवतं. मग रक्तात इन्सुलिन असूनही साखर आत जात नाही. सिरामाइड तयार होताना शेवटच्या पायरीवर एक विकर दोन हायड्रोजन काढून टाकतं. २०१९ साली प्रौढ, लठ्ठ उंदरांत या विकराचं जनुक काढलं. यकृतातली चरबी उतरली, इन्सुलिन पुन्हा लागू पडायला लागलं. फक्त दोन हायड्रोजनचा फरक! याला नुसतं साक्षीदार कसं म्हणायचं?

तिसरी घंटा
सह्यकडा, मी मुलांच्या मेंदूविकारांच्या वॉर्डात काम करते, म्हणून राहवत नाही. तुम्ही म्हणता तेच जनुक. त्याच २०१९ साली ते जन्मतःच बिघडलेल्या मुलांचं वर्णन प्रसिद्ध झालं. मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टनच नीट बनत नाही. मायलिनला लागणारे स्निग्ध पदार्थ सिरामाइडपासूनच घडतात. ‘सिरामाइड कमी करा’ असं इतक्या सहज सुचवू नका.

सह्यकडा
ताई, ही बाजू मी मांडायला हवी होती, चूक मान्य. पण जन्मापासून ते नीट न बनणं आणि पन्नाशीत जास्तीचं थोडं उतरवणं यांत फरक आहे. उलट टोकही बघा ना. फार्बर या जन्मजात रोगात सिरामाइड मोडणारं विकरच कमी असतं. सांधे सुजून दुखतात, त्वचेखाली गाठी येतात, बाळाचा आवाज घोगरा होतो. साचलं तर नुकसान होतं, हे माणसातच दिसतं.

तिसरी घंटा
फार्बरमध्ये ते पेशींच्या आत, लायसोसोममध्ये (टाकाऊ पदार्थ मोडणाऱ्या पिशव्यांत) साचतं. भावाच्या रक्तातल्या आठाशी त्याची गाठ घालता येणार नाही.

पोळपाट
तुमच्या वादात ताटाचा विषय राहिला. शरीर सिरामाइड सेरीन आणि पामिटिक आम्लापासून बनवतं, आणि पामतेलात हे आम्ल साधारण ४४ टक्के असतं. स्वीडनमध्ये वजन जास्त असलेल्या लोकांना आठ आठवडे मफिन जास्तीचे खायला दिले, काहींना पामतेलातले, काहींना सूर्यफूल तेलातले. पामतेलवाल्यांच्या यकृतात चरबी वाढली, रक्तात सिरामाइड वाढलं. आपल्या फरसाणाच्या पाकिटामागे ‘पामोलिन’, म्हणजे पामतेलच, लिहिलेलं असतं, ते वाचायला चाचणी लागत नाही.

वाटसरू
क्रीम काल रात्रीच सुरू केलं. आंबेमोहर, तुमचं एक मात्र मला मान्य नाही. भावाला ‘चालत जा’ असं आई दहा वर्षं सांगत होती. तो आठ आकडा बघून परवा पहिल्यांदा बूट घालून बाहेर पडला. उपचार तेच असतील, पण तो आता ते करतोय. माझं वय ४४. मलाही तो आकडा हवा आहे.

आंबेमोहर
पोळपाट यांचं बरोबर आहे, पाकीट आजच बघा. आणि वाटसरू, चाचणीआधी अपोबी (कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या वाईट कणांचं माप), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच एक कण) करून घ्या. शेवटचं वडिलांकडून आलेलं असू शकतं आणि साध्या लिपिड रिपोर्टात ते येत नाही. ते तीन आकडे इथे लिहा, मग सिरामाइडवर भांडू.