मदत हवी आहे: कल्याण ते जुन्नर, नाणेघाटमार्गे पायी

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बाबा आणि मी कल्याणहून जुन्नरला चालत जायचं म्हणतोय. नाणेघाट दोघांचाही झालाय, पण पायथ्याच्या वैशाखऱ्यापर्यंत गाडीने जाऊन. या वेळी, सातवाहनांच्या काळात कल्याण बंदरातला माल ज्या वाटेने जुन्नरला पोचायचा, ती अख्खी वाट पायाखालून घालायची आहे.

हे डोक्यात शिरलं लेण्याद्रीला. गणपतीच्या शेजारच्या सहाव्या लेण्यात ब्राह्मी लेख आहे: हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा (म्हणजे सोनाराचा) मुलगा सुलसदत्त याने दान दिलं. आम्हीही कल्याणचेच. बाबा बराच वेळ तिथे उभे होते. पायऱ्या उतरताना म्हणाले, "हा आपल्या गावाहून इथवर चालतच आला असेल ना रे?" तेव्हापासून ते रोज पहाटे दहा किमी चालताहेत. वय ६४, गुडघे ठणठणीत.

बेत असा: मुरबाड, सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, मग घाट चढून घाटघर, जुन्नर आणि शेवट लेण्याद्रीला. शंभर किमीच्या आसपास, पाच दिवस.

घाटाची काळजी नाही. दगडी फरसबंदी आहे, सावकाश चढू. माथ्यावरच्या गुहेत राणी नागनिकेचा लेख आणि सिमुक, सातकर्णी या सातवाहन राजांची नावं बाबांना निवांत दाखवायची आहेत. त्यांच्या मूर्तींची आता फक्त पावलं उरलीत, वर नावं तेवढी शाबूत. पुढे खिंडीच्या तोंडाशी तो जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण. गुहेत मुक्काम मात्र करणार नाही. बरेच जण करतात, पण दोन हजार वर्षांच्या अक्षरांखाली चूल पेटवणं मला पटत नाही.

खरी अडचण खालच्या रस्त्याची आहे. माळशेजवरून उतरणारे भाजीचे ट्रक याच महामार्गाने कल्याणला येतात, म्हणजे व्यापार अजून त्याच दिशेने चालू आहे, पण पायी माणसाला कडेला जागा उरत नाही. मुरबाड ते टोकावडे गावागावांतून जाणारी बैलगाडीची किंवा शेतातली वाट कोणी चाललंय का? थोडा वळसा पडला तरी चालेल. वैशाखऱ्याच्या आसपास एका रात्रीपुरती देवळात किंवा कोणाच्या ओसरीवर पथारी टाकता येईल का? रीतसर विचारूनच राहू.

दुसरी काळजी बिबट्याची. जुन्नर तालुक्यात उसाच्या फडांतून त्याचा वावर आहे आणि नेमका तेव्हा तोडणीचा हंगाम. त्यामुळे उजाडल्याशिवाय निघायचं नाही आणि दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठायचा, एवढं ठरवलंय. घाटघर ते जुन्नर या टप्प्यात आणखी काय सांभाळावं? तिथल्या कोणी सांगितलं तर फार बरं होईल.

आणि थंडी. घाटघरला पहाटे किती गारठा असतो? बाबा म्हणतात एक घोंगडी पुरे, मला स्लीपिंग बॅग न्यावीशी वाटते. पण पाठीवर प्रत्येक किलो मोजूनच घ्यायचाय. डिसेंबरात तिथे उघड्यावर झोपलेल्यांनी कृपया सांगा.