काळ्या मातीत घरचं फूड फॉरेस्ट: १४ पैकी ५ झाडं जगली, आता नव्याने सुरुवात कुठून करू?

बेसा_अंगण

नमस्कार मंडळी. नागपूरला बेसा साइडला आमचं घर आहे आणि घराला लागून १५०० स्क्वेअर फुटाचा मोकळा प्लॉट पण आमचाच आहे, पश्चिमेकडून पूर्ण उघडा त्यामुळे दुपारी तीनचं ऊन थेट आत येतं. माती काळी, उन्हाळ्यात भेगा अशा पडतात की अख्खा पंजा आत जातो.

मागच्या जूनमध्ये मी पर्माकल्चरचे (निसर्गाच्या रचनेवरून बाग आखायची पद्धत, त्यातली जंगलासारखी थराथरांची खायची बाग म्हणजे फूड फॉरेस्ट) भरपूर व्हिडिओ पाहून एकदम १४ रोपं लावली, ३ संत्री, २ आंबे, २ पेरू, २ लिंबू आणि सीताफळ, चिकू, डाळिंब, आवळा, फणस प्रत्येकी एक. खड्डे तीन-तीन फुटाचे मजूर लावून घेतले, नर्सरीवाल्याने सांगितलं काळी माती चांगली नसते म्हणून सगळी बाहेर काढून खड्ड्यात लाल माती, रेती आणि शेणखत भरलं. संत्री आणि एक लिंबू गणपतीपर्यंत पिवळे पडून गेले, डाळिंब दिवाळीच्या आत गेलं. आंबे आणि चिकू मे महिन्यात करपले, फणस नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या दोन दिवस आधी गेला. राहिले दोन पेरू, सीताफळ, आवळा आणि एक लिंबू.

पैशांपेक्षा आईचं वाईट वाटतं. तिचं माहेर आर्वीकडचं, ७२ वर्षांची आहे, लहानपणी घरामागच्या वाडीत चिवळ, अंबाडी, वाल, तोंडली, लिंबू सगळं असायचं, बाजारात जायची गरजच पडायची नाही असं ती सांगते, आणि मला तिला ते पुन्हा दाखवायचं आहे. रविवारी स्वतः राबायची तयारी आहे, बजेट २५-३० हजार. पाणी नळाचं सकाळी तासभर, बोअर आहे पण एप्रिलनंतर दमतो.

व्हिडिओ बहुतेक केरळ नाहीतर परदेशातले आहेत. आपल्या ४५-४६ डिग्रीत हे कसं बसवायचं ते कोणी नीट सांगेल का? आधी काय, मग काय?

हिंगणा_रोड_ताई

दादा, आधी एक सांगते, तुमची झाडं दोन वेगवेगळ्या कारणांनी गेली आहेत आणि ती वेगळी समजून घेतली नाहीत तर यंदाही तेच होईल. पावसाळ्यात गेलेली झाडं पाण्याने गेली, मे मधली उन्हाने.

काळी माती चिकण असते, पाणी मुरायला फार वेळ लागतो. त्यात तीन फुटाचा खड्डा करून भुसभुशीत लाल माती भरली की चारही बाजूंनी काळ्या मातीची भिंत आणि मध्ये स्पंज, म्हणजे तुम्ही जमिनीत हंडा पुरला आणि त्यात झाड बसवलं असं झालं. आजूबाजूचं सगळं पाणी त्यातच उतरतं आणि मुळं आठ-आठ दिवस बुडून राहतात. माझ्याकडे पहिल्या वर्षी हेच झालं होतं, सहा वर्षांपूर्वी, म्हणून कळकळीने लिहिते आहे.

आता करा काय, तर एक दीड फुटाचा खड्डा खणा, पाण्याने भरा, ते पहिलं पाणी मोजू नका कारण आत्ता भेगा उघड्या आहेत, पाणी गटकन जाईल आणि तुम्हाला वाटेल निचरा छान आहे. ते मुरलं की लगेच दुसऱ्यांदा भरा आणि मग घड्याळ लावा. चार-पाच तासांत गेलं तर ठीक. दुसऱ्या दिवशीही उभं असेल तर संत्रा, लिंबू, डाळिंब, पपई हे सगळं खड्ड्यात लावायचंच नाही, उंचवट्यावर लावायचं. दीड फूट उंच आणि चार-पाच फूट रुंद ढिगारा, तुमचीच काळी माती वर ओढून त्यात शेणखत मिसळून. दोन ढिगाऱ्यांच्या मधून उथळ चर आपोआप तयार होते, जादा पाणी तिथून जातं आणि तिथे अळू हळद लावता येते, त्यांना ओल आवडते.

आणि क्रम बदला. फूड फॉरेस्टचे ते सात थर, उंच झाडं, लहान झाडं, झुडपं, भाज्या, जमिनीलगतचं, कंद आणि वेल, हे ज्या रॉबर्ट हार्ट यांच्या बागेवरून जगभर गेले ती बाग इंग्लंडमधली. तिकडे ऊन कमी म्हणून खालच्या थरापर्यंत उजेड कसा पोचेल ही चिंता असते. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये उलटं आहे, सावली हेच आपलं पहिलं पीक समजा. लहान आंब्याचं रोप उघड्यावर लावून मे काढायचा म्हणजे तान्ह्या बाळाला गच्चीवर ठेवण्यासारखं आहे.

यंदा मृग लागला की पूर्ण प्लॉटवर ढेंचा (हिरवळीच्या खताचं पीक) फेका, तेवढ्याला किलोभर बी पुरेल, ४०-४५ दिवसांनी फुलं यायच्या आत कापून तिथेच पसरवा. ढेंचाची मुळं चिकण मातीत खोल जातात, पाण्याला वाट मिळते आणि नत्र पण येतं. पश्चिमेच्या कडेला शेवरीची दाट रांग, दोन-दोन फुटांवर, ती एका पावसाळ्यात डोक्याच्या वर जाते. मधे मधे शेवगा. गिरीपुष्प लावाच पण सावलीसाठी त्याच्यावर भरवसा ठेवू नका, ते फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळून फुलावर येतं, त्याचा पाला खतासाठी सोनं आहे. पश्चिमेलाच एक जाळी उभी करून तोंडलीचा वेल सोडा, आईंना तोंडली पण मिळेल आणि दुपारचं ऊन पण अडेल. आंबा, चिकू, फणस पुढच्या वर्षी, शेवरीच्या पूर्वेला. फणस आंबा एकच एक, १५०० फुटात दोन आंबे दहा वर्षांनी भांडतात आणि मोठं झाड तोडायचं म्हटलं की परवानगी लागते.

आईंना वर्षभर थांबवू नका. स्वयंपाकघराच्या दाराजवळ दहा बाय दहाचा तुकडा ढेंचातून वगळा, तिथे चिवळ, अंबाडी, आंबट चुका, कढीपत्ता, पुदिना. पर्माकल्चर हा शब्द ज्यांनी १९७८ मध्ये मांडला त्या ऑस्ट्रेलियातल्या बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांच्या पद्धतीतही हेच आहे, रोज हात लागतो ते दाराशी आणि महिन्यातून एकदा पाहायचं ते लांब. आईंच्या माहेरची वाडी पण तशीच असेल, विचारून पाहा.

काटोल_बगीचा

ताई बरोबर सांगून राहिल्या. मी काटोलकडचा, घरी तीन पिढ्या संत्रा आहे, फक्त संत्र्याचंच बोलतो.

भाऊ, मेलेलं एक झाड उपटून पाहा. मुळाची साल बोटानं ओढली अन् मोज्यासारखी निघून आली, आत दोऱ्यासारखा दांडा राहिला तर समजा मूळकूज. ती पाण्यानंच येते. बुडाशी खोडावर डिंक दिसला तर डिंक्या. दोन्ही एकाच घरचे.

कलम घेताना डोळा, म्हणजे कलम बांधलेली जागा, जमिनीपासून कमीत कमी सहा इंच, नऊ असला तर आणखी चांगलं, अन् लावताना तो डोळा मातीत गाडला तर झाड गेलंच समजा. आपल्याकडे खुंट (ज्याच्यावर कलम बांधतात ते खालचं झाड) जंबेरीचा असते नाहीतर रंगपूर लिंबाचा. रस्त्याच्या कडेचं स्वस्त कलम काहून घ्यायचं, अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आपल्याच गावात आहे, तिथं रोगमुक्त कलमं भेटतात, आधी विचारून नंबर लावा. खोडाले पाणी लागू द्यायचं नाही, आळं दुहेरी करायचं, आतलं कोरडं अन् बाहेरच्यात पाणी. पावसाच्या आधी अन् पावसानंतर खोडाले बोर्डो पेस्ट, मोरचूद १ किलो कळीचा चुना १ किलो पाणी १० लिटर, घरच्यासाठी १००-१०० ग्रॅम अन् लिटरभर पाणी पुरते. प्लास्टिकच्या बादलीतच करा, लोखंडाच्या नाही.

आता मुख्य गोष्ट, जी त्या व्हिडिओवाल्यांले माहीत नसते. संत्र्याले ताण लागते, म्हणजे काही दिवस पाणी बंद ठेवा लागते. आंबिया बहाराले (बहार म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम) डिसेंबरात पाणी तोडतो तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीत फूल येते, मृगाचा घ्यायचा तर एप्रिल-मे मध्ये तोडतो. तुम्ही त्याच्या बुडाशी पालक मेथी लावून रोज पाणी देणार, बाजूले केळ लावणार, तर झाड हिरवंगार दिसन पण फूल येणार नाही, पाचव्या वर्षी तुम्ही म्हणान झाड वांझ आहे. म्हणून संत्रा जंगलाच्या मधात नाही, एका कोपऱ्यात, उंचवट्यावर, पूर्वेचं ऊन भेटन असा. एक किंवा दोनच लावा. लिंबाचं असं नाही, लिंबू घरी वर्षभर थोडं थोडं देत राहते.

पावसाचं_पाणी

पाण्याचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे वर्षाला साधारण १००० मिलिमीटर पाऊस धरा, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. तुमचं छत समजा १००० स्क्वेअर फूट म्हणजे ९३ चौरस मीटर, त्यावर ९० हजार लिटरच्या वर पाणी पडतं, उडालं सांडलं सोडून ७० हजार तरी हाताला लागेल. ते सगळं साठवायला टाकी परवडणार नाही पण फिल्टर लावून बोअरशेजारी मुरवलं तर एप्रिलमध्ये बोअर दमतो त्याला थोडा तरी आधार, आणि २००० लिटरची एक टाकी पावसाच्या खंडासाठी.

भांड्यांचं आणि अंघोळीचं पाणी केळीच्या आळ्यात सोडा. सहा फूट रुंद अडीच-तीन फूट खोल गोल खड्डा, त्यात पऱ्हाट्या, तुराट्या, पालापाचोळा, स्वयंपाकघराचा ओला कचरा गच्च भरायचा, काढलेली माती कडेला वर्तुळात, त्यावर केळी आणि अळू. पण ताई म्हणतात ती निचऱ्याची टेस्ट इथे पण लागू आहे, वर पाणी दिसता कामा नये. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो, खड्डा पाल्याने भरलेला राहिला आणि पाणी खाली गेलं तर भीती नाही. पावसाळ्यात हे पाणी गटारातच सोडा, केळीला तेव्हा आभाळाचं पुरतं.

उन्हाळ्यात लहान रोपांना मटका. बिनरंगाचा साधा मातीचा, गळ्यापर्यंत पुरायचा, वर झाकण, तीन-चार दिवसांनी भरायचा. चौदा लिटर नळीने ओतण्यापेक्षा मटक्यातले पाच लिटर जास्त काम करतात हे मी दोन मे महिने स्वतः पाहिलं आहे. आणि वरून आच्छादन चांगलं वीतभर, सोयाबीनचं कुटार सगळ्यात सोपं, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गावाकडून ट्रॉलीभर आणून ठेवा. खोडापासून चार बोटं लांब ठेवा नाहीतर उधई (वाळवी) वर चढते. कूलरच्या जुन्या गवताच्या ताट्या फेकू नका, त्या पण पसरवता येतात. मात्र कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी रोपांना घालू नका, बोअरचं पाणी उडून उडून त्यात खार साचलेला असतो, पानांच्या कडा जळतात.

जीवामृत पण सुरू करा, पद्मश्री सुभाष पाळेकर आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे. घरच्यासाठी २० लिटर पाण्यात किलोभर देशी गायीचं शेण, लिटरभर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन, बांधावरची मूठभर माती, सावलीत दोन-तीन दिवस, सकाळ संध्याकाळ ढवळायचं. जमीन ओली असतानाच द्यायचं.

बेसा_अंगण

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रत्येक ओळ आईला वाचून दाखवली.

टेस्ट केली. शनिवारी सकाळी पहिलं पाणी पंधरा मिनिटांत गेलं, ताई तुम्ही सांगितलं नसतं तर मी तिथेच थांबलो असतो. दुसऱ्यांदा भरलं ते रविवारी सकाळी पण अर्धं उभं होतं. मग वाळलेलं संत्र्याचं झाड उपटलं, अजून तसंच उभं होतं. काटोलवाले भाऊ, हुबेहूब तसंच, साल बोटात मोज्यासारखी आली आणि आतला दांडा पांढरा पडलेला. खड्ड्याच्या तळाशी लाल माती अजून ओली आहे, जूनच्या तोंडावर, आणि हातभर बाजूला काळी माती फुटलेली. आई बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली आमच्या वाडीत लिंबू वरंब्यावरच होतं, मला वाटायचं शोभेसाठी केलंय.

तर यंदा ढेंचा, शेवरी, शेवगा, तोंडली आणि आईचा दहा बाय दहाचा तुकडा, एवढंच. जगलेल्या लिंबाच्या भोवतीची लाल माती उकरून बाजूने चर काढून देतो आहे. ढेंचाचं बी मिळालं पण शेवरीचं दोन दुकानांत नाही म्हणाले, आणि लावायचं कसं, रोप करून की थेट?

हिंगणा_रोड_ताई

थेट. रात्रभर पाण्यात भिजवा, पहिला चांगला पाऊस होऊन माती वीतभर ओली झाली की बोटाच्या एका पेराएवढं खोल, एका जागी तीन बिया, उगवल्यावर एक ठेवा. बी माझ्याकडे डबाभर आहे, गेल्या वर्षीचंच, मेसेज करा. आणि आईंना विचारून ठेवा त्या वाडीत चिवळ कुठल्या बाजूला होती, ऊन किती लागायचं तिला.