प्रतिसाद: मॉरिशसचे पंतप्रधान, दोन घराणी आणि बेराँजे

वर म्हटलंय की मॉरिशसमध्ये रामगुलाम आणि जगन्नाथ आलटून पालटून राज्य करतात. बरंचसं खरं आहे. 1968 च्या स्वातंत्र्यापासून पाचच जण पंतप्रधान झाले आणि त्यातले चौघे या दोन घराण्यांतले. पण पाचवे, पॉल बेराँजे, यांना वगळून हा इतिहास सांगता येणार नाही.

2000 च्या निवडणुकीआधीच अनिरुद्ध जगन्नाथ आणि बेराँजे यांनी जाहीर करार केला होता: पहिली तीन वर्षं जगन्नाथ, पुढची दोन बेराँजे. 2003 मध्ये तो खरोखर पाळला गेला. जगन्नाथ राष्ट्रपती झाले आणि फ्रेंच वंशाचे बेराँजे देशाचे पहिले बिगरहिंदू पंतप्रधान. आपल्याकडच्या अडीच-अडीच वर्षांच्या वाटाघाटींचं काय होतं हे पाहिलेल्यांना याचं मोल लगेच कळेल.

घराणेशाहीवरचा राग मात्र रास्तच आहे. 2017 मध्ये अनिरुद्ध यांनी निवडणूक न घेता खुर्ची मुलाकडे, प्रविंद यांच्याकडे दिली, ते मला आजही खटकतं. तरी मतदार गप्प बसत नाहीत. 1982 मध्ये त्यांनी राष्ट्रपिता मानल्या गेलेल्या शिवसागर रामगुलाम यांनाही घरी बसवलं. 2024 मध्ये प्रविंद यांची तीच गत झाली आणि शिवसागर यांचे पुत्र नवीनचंद्र परत आले.