शब्दचर्चा : योकोझुना ‘पटकावतात’ का?

भाषांतरकार :
चियोनोफुजी या जपानी सुमो मल्लावरील लेखाचे भाषांतर करताना मी ‘1981 साली त्याने योकोझुना किताब पटकावला’ असे लिहिले. संपादकांनी ‘पटकावला’खाली लाल रेघ ओढून ‘पद पटकावत नाहीत’ असा शेरा मारला. होक्काइदोतील कोळ्याच्या या मुलाने खांदा वारंवार निखळत असूनही 31 स्पर्धा जिंकल्या. योकोझुना हा सर्वोच्च दर्जा मात्र त्याला बहाल झाला, आणि तो मिळवणारा तो 58 वा. ‘महाराष्ट्र केसरी’च्या धर्तीवर ‘सुमो केसरी’ म्हटले तर चालेल का?

तालमीतला :
चालणार नाही. केसरीची गदा नव्या स्पर्धेत नव्या खांद्यावर जाते. योकोझुनाला मात्र खालच्या पायरीवर उतरवत नाहीत. खेळ ओसरला की त्याने स्वतःच थांबायचे असते. मे 1991 च्या स्पर्धेत पहिल्याच दिवशी अठरा वर्षांच्या ताकाहानादाने चियोनोफुजीला हरवले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा हार पत्करल्यावर त्याने निवृत्ती जाहीर केली. म्हणून मी ‘गादी’ सुचवतो.

माती-समर्थक :
कुस्तीच्या लेखात ‘गादीवर आला’ असे वाचले, की आमच्याकडचा वाचक माती सोडून मॅटवर गेला असेच समजेल. शिवाय गादीवर एकच जण बसतो, तर योकोझुना एका वेळी अनेक असू शकतात.

संस्कृतप्रेमी :
‘महामल्ल’ हा स्वच्छ शब्द हाताशी असताना केसरी आणि गादी यांचा घोळ कशासाठी? आपण ‘पैलवान’ फारसीतून घेतला, ‘तालीम’ अरबीतून घेतली, आता जपानीचीही उसनवारी करायची का?

मुंबईकर :
‘योको’ म्हणजे आडवा आणि ‘त्सुना’ म्हणजे दोर. आखाड्यात प्रवेशविधी करताना हा मल्ल तो जाडजूड पांढरा दोर कमरेला बांधतो आणि त्यावरूनच पदाला नाव पडले. आमच्या शेजारच्या पारशी आजी कमरेची कुस्ती, म्हणजे त्यांचा पवित्र दोर, सोडून प्रार्थना पुटपुटत पुन्हा तिची गाठ मारत असत. फारसी ‘कुश्ती’ची व्युत्पत्तीही कमरबंधाशी जोडली जाते. ती खरी असेल तर आपल्या कुस्तीच्या पोटातही दोरच दडला आहे, मग ‘महामल्ल’ म्हणून तो कापायचा कशाला?

संस्कृतप्रेमी :
दोन कमरपट्टे सारखे दिसले म्हणून शब्दाचा प्रश्न सुटत नाही.

तालमीतला :
याच मसुद्यात पुढे ‘1988 मध्ये ओनोकुनीने चियोनोफुजीला चीतपट करून सलग 53 विजयांची मालिका खंडित केली’ असे वाक्य आहे, ते आधी दुरुस्त करावे. ओनोकुनीने त्याला रेटत आखाड्याच्या गोल कड्याबाहेर काढले होते. सुमोत पाठ टेकवावी लागत नाही. पायाच्या तळव्याखेरीज अंगाचा कोणताही भाग जमिनीला लागला किंवा पाऊल कड्याबाहेर पडले, की निकाल लागतो.

माती-समर्थक :
त्याच परिच्छेदात सुमोच्या आखाड्यासाठी वापरलेला ‘हौदा’ही खटकतो. आपला हौदा खोलगट, ताक, तेल आणि हळद घालून भुसभुशीत केलेल्या तांबड्या मातीचा. सुमोचा ‘दोह्यो’ म्हणजे घट्ट चोपलेल्या मातीचा उंच चौथरा. हौद्यात उतरतात, दोह्योवर चढतात.

तालमीतला :
आमच्या तालमीत ‘हौद’ म्हणतात, ‘हौदा’ हत्तीवर असतो.